मुलीच्या दृढीकरणासाठी कोणतं मराठी बायबल घ्यावं?

रानवारा

सर्वांना सलाम.

येत्या ईस्टरच्या आधी माझ्या मुलीचं दृढीकरण आहे, म्हणजे आपला ख्रिस्ती विश्वास तिने स्वतः चर्चमध्ये कबूल करण्याचा विधी. आमच्या घरात पद्धत अशी की त्या दिवशी आजी नातवंडाच्या हातात त्याचं स्वतःचं बायबल देते. माझी आई गेल्या पावसाळ्यात गेली, त्यामुळे ते आता माझ्याकडे आलं आहे.

आईचं पवित्र शास्त्र माझ्यासमोर आहे. बायबल सोसायटीचं, जुन्या भाषांतराचं. काळं रेक्झिन, पानांच्या कडा लाल, आणि समासात पेन्सिलीने लिहिलेल्या तारखा. मी लहानपणी जे काही पाठ केलं ते याच शब्दांत. ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही’ हे मला कुणी झोपेतून उठवून विचारलं तरी पुढे म्हणता येतं.

मुलगी तेरा वर्षांची, पुण्यात सेमी-इंग्रजी शाळेत. संडे स्कूलला तिला तेविसावं स्तोत्र मुखपाठ होतं. परवा माझ्यासमोर म्हणताना ती ‘तुझी आकडी व तुझी काठी मला धीर देतात’ इथे थांबली आणि म्हणाली, “आई, आमच्या वर्गातल्या मुलाला येते तीच ना आकडी? मग तिने धीर कसा येतो?”

तिच्या वर्गात एका मुलाला खरंच फिट येतात. दोन महिने ती हे वचन म्हणताना त्याचाच चेहरा डोळ्यांपुढे आणत होती आणि आपल्यालाच काही कळत नाही असं समजून गप्प होती. मला फार वाईट वाटलं. त्याहून वाईट म्हणजे मलाही नीट सांगता आलं नाही. हत्यार असतं मेंढपाळाचं, इतकंच म्हणाले. कसलं, कशासाठी, माहीत नाही. चाळीस वर्षं म्हणते आहे.

म्हणून सोप्या भाषांतराचं घ्यावं असं मनात आलं. एका स्टॉलवर चौकशी केली तर तिथल्या गृहस्थांनी ठामपणे सांगितलं की नवी भाषांतरं भ्रष्ट आहेत, त्यांतून वचनं काढून टाकली आहेत, मुलांच्या हातात देऊ नका. मी रिकाम्या हाताने परत आले.

जुनं द्यावं की सोपं? आणि वचनं काढल्याचं खरं आहे का? जाणकारांनी सांगावं.

पाणंद

ताई, आधी आकडीचं. लांब काठीच्या टोकाला वाकडा आकडा असतो, ती आकडी. फांदी खाली ओढायची, आंबे-चिंचा पाडायच्या ती. आमच्या नगर भागात हा शब्द अजून जिवंत आहे. भाषांतर करणाऱ्यांनी मेंढपाळाच्या हातातली इथली वस्तू उचलली.

मूळ हिब्रूत दोन वेगळ्या वस्तू आहेत. पहिली शेबेत, म्हणजे जाडजूड दांडका. जनावर अंगावर आलं तर हाणायचा. राजाच्या राजदंडालाही हाच शब्द आणि इस्राएलाच्या वंशालाही हाच. लेवीय या पुस्तकाच्या २७व्या अध्यायात कळप काठीखालून जातो आणि दर दहावं जनावर परमेश्वराचं ठरतं, तिथेही शेबेतच. दुसरी मिशएनेत, म्हणजे जिच्यावर भार टाकून उभं राहायचं ती. एक मारायची आणि एक टेकायची. ‘आकडी’ हा पहिल्या वस्तूचा अगदी तंतोतंत प्रतिशब्द नव्हे, हे मान्य. पण मेंढपाळाच्या दोन हातांत दोन वस्तू आहेत हे चित्र ती राखते. दोन्हींना ‘काठी’ म्हटलं की एक हात रिकामा होतो.

आता माझं मत. मी शाळामास्तर, त्यामुळे अवघड शब्दाची मला भीती वाटत नाही. मुलीला जुनंच द्या आणि शब्द समजावून द्या. कारण सांगतो. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, मी आजारी माणसांच्या भेटीला जात असे. एक आजी स्वतःच्या मुलांची नावं विसरल्या होत्या. मी स्तोत्र सुरू केलं की त्या माझ्याबरोबर शेवटपर्यंत म्हणत. ‘मृत्युच्छायेच्या दरीतूनही’ या शब्दांशी त्यांचा आवाज मोठा व्हायचा. मी सोप्या भाषेत वाचलं असतं तर त्यांनी नुसतं ऐकलं असतं, म्हटलं नसतं. मंडळी एका आवाजात वाचते तेव्हा सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द लागतात. हे बळ दुकानात मिळत नाही, ते दोन-तीन पिढ्यांनी साठवावं लागतं.

चाफेकळी

काका, तुमचा मान राखून वेगळं मत मांडते. मी तरुण संघात शास्त्राभ्यास घेते. कॉलेजची मुलं जुन्या भाषांतरातलं प्रेषित पौलाचं रोमकरांस पत्र उघडतात आणि दुसऱ्या वाक्यात हरवतात. पौलाचं एकेक वाक्य आधीच लांब, त्यात ‘नीतिमान ठरवणे’, ‘प्रायश्चित्त’. मी त्यांना ‘ईझी टू रीड’ हे सोपं भाषांतर वाचायला देते. तिथे वाक्यं तोडलेली आहेत, म्हणून युक्तिवाद हाताला लागतो. मग जुनं उघडायला सांगते.

रानवाराताई, मोबाइलवर मोफत ॲपमध्ये जुनं, सोपं, इंडियन रिवाइज्ड व्हर्जन, समकालीन आवृत्ती अशी सगळी एकाखाली एक लावता येतात. एकच वचन चारही ठिकाणी बघा. जिथे चारही सारखं बोलतात तिथे मूळ बहुधा स्पष्ट असतं. जिथे फाटे फुटतात तिथे थांबून विचारायचं.

वसईकर

सलाम. मी कॅथलिक आहे, वसईचा. बायको प्रॉटेस्टंट, सोलापूरकडची. आमच्या घरात दोन बायबलं शेजारी शेजारी असतात, त्यामुळे लिहावंसं वाटलं.

लग्नाच्या मिस्सात, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, पहिलं वाचन आम्ही तोबीत या पुस्तकातलं निवडलं होतं, तोबिया आणि सारा यांची लग्नाच्या रात्रीची प्रार्थना. सासूबाईंना वाटलं आधी घरी वाचून बघावं. त्यांनी त्यांचं पवित्र शास्त्र पहिल्या पानापासून चाळलं, अनुक्रमणिका दोनदा पाहिली, आणि शेवटी मला हळूच विचारलं, “हे पुस्तक कुठे आहे?” त्यांच्या बायबलात ते नाहीच. त्यांची पुस्तकं ६६, आमची ७३. तोबीत, यहूदीथ, ज्ञानग्रंथ, बेन सिरा, बारूख आणि मक्काबींची दोन, शिवाय एस्तेर आणि दानीएल यांतले काही भाग. ही पुस्तकं ग्रीक भाषेतल्या जुन्या करारात होती, हिब्रू संग्रहात नव्हती. प्रॉटेस्टंट सुधारक मार्टिन लूथरने ती १५३४च्या जर्मन बायबलात दोन करारांच्या मध्ये वेगळी छापली. १६११च्या किंग जेम्स या इंग्रजी बायबलातही ती होती. ब्रिटिश अँड फॉरेन बायबल सोसायटीने १८२६ साली ती छापायला पैसे द्यायचं थांबवलं. सासूबाईंना हे काहीच माहीत नव्हतं. त्यांना वाटलं होतं मी काहीतरी बाहेरचं आणतोय. त्या दिवशी आम्ही दोघांनी बसून तोबीत पूर्ण वाचलं. त्यांना ते फार आवडलं.

शब्दही वेगळे. त्या वधस्तंभ म्हणतात, मी क्रूस म्हणतो. त्यांचा बाप्तिस्मा, आमचा स्नानसंस्कार. त्यांची मंडळी, आमची ख्रिस्तसभा. सुरुवातीला मुलं गोंधळली, आता दोन्ही बोलतात. ‘वधस्तंभ’ हा शब्द मला आता जास्त हलवतो, हे कबूल करतो. क्रूस आमच्या गळ्यात असतो, गावाच्या नाक्यावर असतो, त्याची सवय झाली आहे. वधस्तंभ म्हटलं की ती माणूस मारायची जागा होती हे टाळता येत नाही.

ताई, सोपं पण मराठी म्हणून कसदार हवं असेल तर आमच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं ‘सुबोध बायबल’ एकदा हातात घेऊन बघा. २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. भाषेवर जीव असलेल्या माणसाचं काम आहे. त्यात प्रस्तावना आणि टिपाही आहेत.

मोडीवाचक

‘नवी भाषांतरं भ्रष्ट’ या वाक्याने मला लिहायला भाग पाडलं.

आज ज्याला आपण जुनं म्हणतो ते एकेकाळी नवंच होतं, आणि त्याआधीचं कुणाला तरी प्रिय होतं. मिशनरी विल्यम कॅरीने वैजनाथ पंडितांच्या मदतीने बंगालातल्या श्रीरामपूरला मराठी नवा करार छापला १८११ साली. मुंबईत १८१३ला आलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांना ती भाषा इकडच्या माणसाला लागू पडेना. त्यांनी नव्याने सुरुवात केली आणि त्यांचा नवा करार १८२६ला आला. संपूर्ण बायबल १८४७ला. त्यानंतरही सुधारणा होतच राहिल्या. ताईंच्या आईच्या हातातलं बायबल या सगळ्या खाडाखोडीतून आलेलं आहे.

आणि कुणी भाषांतर केलं त्यापेक्षा कुणासाठी केलं हे बघायचं असेल तर केडगावला बघा. पंडिता रमाबाई. संस्कृतवर इतकी हुकमत की कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांना ‘सरस्वती’ म्हटलं. त्या बाईंनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक हाताशी घेऊन अख्खं बायबल एकटीने मराठीत आणलं, आणि संस्कृतप्रचुर मराठी जाणूनबुजून बाजूला ठेवली. कारण त्यांच्यासमोर दुष्काळातून आलेल्या, विधवा, खेड्यातल्या बाया होत्या. प्रचलित बायबलची मराठी त्यांना कळत नव्हती. त्यांच्या केडगावच्या मुक्ती मिशन या आश्रमातल्या बायकांनीच टाइप जुळवला, छापलं, बांधणी केली. मधेच १९२१ला मुलगी मनोरमा गेली. काम थांबलं नाही. एप्रिल १९२२मध्ये रमाबाई गेल्या तेव्हा भाषांतर पुरं झालेलं होतं, आणि छापून आलं १९२४ला. ज्या बाईला सगळ्यात अवघड मराठी येत होती तिने सगळ्यात सोपी निवडली. याला भ्रष्ट म्हणणार?

आता वचनं काढल्याचं. काढलेली नाहीत. किंग जेम्सच्या भाषांतरकारांपुढे नव्या कराराची जी हस्तलिखितं होती ती बरीचशी उशिराची होती. नंतर जास्त जुनी मिळाली. सिनायच्या मठातलं कोडेक्स सिनाइटिकस चौथ्या शतकातलं आहे आणि विद्वानांच्या हाती ते एकोणिसाव्या शतकात आलं. त्यात मार्कचं शुभवर्तमान १६व्या अध्यायाच्या ८व्या वचनाशी संपतं. योहानातली व्यभिचारात धरलेल्या स्त्रीची गोष्टही त्यात नाही. प्रभूच्या प्रार्थनेच्या शेवटी आपण ‘राज्य, सामर्थ्य आणि गौरव’ म्हणतो ते शब्दही सर्वांत जुन्या हस्तलिखितांत नाहीत. म्हणून नवी भाषांतरं असे भाग कंसात किंवा तळटीपेत देतात. हा प्रामाणिकपणा आहे. मुलीला तळटीप वाचायला शिकवा, लपवू नका.

असे वाद सगळीकडे झाले. यशया ७:१४मध्ये हिब्रू शब्द आहे अल्मा, म्हणजे तरुण स्त्री. ग्रीक भाषांतरात तिथे कुमारी असा शब्द आला आणि मत्तयाने तोच घेतला. १९५२ साली अमेरिकेत रिवाइज्ड स्टँडर्ड व्हर्जनने यशयात ‘तरुणी’ छापलं तर एका पाळकाने ते पान जाळलं. मत्तयात त्याच भाषांतराने ‘कुमारी’च ठेवलं होतं.

पाणंद

मोडीवाचक, रमाबाईंचं उदाहरण मला लागलं. माझी आजी मुक्तीतच वाढलेली. तिला अक्षर ओळख तिथे झाली, वयाच्या विसाव्या वर्षी. मी वर ‘दोन-तीन पिढ्यांनी साठवलेलं’ म्हणालो, त्या साठ्याची सुरुवात सोप्या शब्दांपासून झाली हे मी विसरलो होतो.

तरी एक सांगतो. जुन्या भाषांतराला सरसकट अवघड म्हणू नका. प्रभूच्या प्रार्थनेत ‘आमची रोजची भाकर’ आहे. तेविसाव्या स्तोत्रात मूळ हिब्रूत मेज मांडलेलं आहे, आपल्याकडे ‘ताट वाढतोस’ आहे. हे करणारे लोक स्वयंपाकघरात शिरून आले होते.

वसईकर

भाकरीवरून आठवलं. फादर स्टीफन्स १५७९ला गोव्यात आले, इंग्लंडचे जेजुइट. त्यांचं ख्रिस्तपुराण १६१६ला राचोलला छापलं, रोमन लिपीत पण अस्सल मराठी ओव्यांत, जवळजवळ अकरा हजार. ते भाषांतर नव्हे, बायबलची कथा पुन्हा सांगितलेली. त्यात स्वर्गाला ‘वैकुंठ’ म्हटलंय! पुढच्या भाषांतरकारांनी तो शब्द घेतला नाही, स्वर्ग घेतला. वैकुंठ म्हटलं की ऐकणाऱ्याला विठ्ठल-विष्णू आठवणार, ही त्यांची अडचण. पण योहानाच्या पहिल्या वाक्यात ‘प्रारंभी शब्द होता’ आहे. मराठी माणसाला तिथे तुकोबांचा शब्दाला देव म्हणणारा अभंग आठवल्याशिवाय राहत नाही. माझ्या मते ते चांगलंच आहे.

अबोली

मी या विषयावर सहसा लिहीत नाही. पण मुलीचा प्रश्न वाचला आणि राहवलं नाही.

भाषांतर कोणतं हा प्रश्न महत्त्वाचा आहेच, पण वचन कसं वाचायचं हे तिला कोण सांगणार? आमच्याकडे ३१ डिसेंबरच्या रात्री उपासनेनंतर टोपलीतून वर्षाचं वचन उचलतात. चार वर्षांपूर्वी मला यिर्मया २९:११ आलं. देवाचे आपल्याविषयीचे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत. त्याच मार्चमध्ये माझ्या नवऱ्याला कॅन्सर निघाला. घरगुती प्रार्थनासभेत एका जबाबदार माणसाने सगळ्यांसमोर सांगितलं की वचन मिळूनही बरं वाटत नसेल तर घरात विश्वास कमी आहे. नवरा खुर्चीत बसून ऐकत होता. तो सप्टेंबरमध्ये गेला.

त्यानंतर वर्षभर मी बायबल उघडलं नाही. मग एक दिवस फक्त तो अध्याय उघडला, पहिल्या वचनापासून. ते पत्र आहे. यरुशलेमेतून बाबेलला धरून नेलेल्या लोकांना यिर्मयाने लिहिलेलं. त्यांना तिथले काही संदेष्टे सांगत होते की लवकरच घरी जाल. यिर्मया लिहितो, नाही. घरं बांधा, बागा लावा, मुलांची लग्नं करा, ज्या नगरात आहात त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. दहाव्या वचनात आकडा आहे, सत्तर वर्षं. ऐकणाऱ्यातले बहुतेक जण परतीच्या आधी मरणार होते. आणि अकरावं वचन त्यांना सांगितलंय.

म्हणजे ज्या वचनाने मला मारलं, ते मुळात माझ्यासारख्याच माणसांना लिहिलेलं होतं. परदेशात मुलं वाढवायची, माणसं पुरायची, आणि तरी देव सोडून गेलेला नाही. टोपलीतल्या चिठ्ठीवर दहावं वचन नव्हतं.

मुलीला कोणतंही बायबल द्या, ताई. फक्त तिला सांगा की वचनाच्या आधीचं पान आणि नंतरचं पान वाचल्याशिवाय कुणाचं काही ऐकायचं नाही.

रानवारा

अबोलीताई, तुमचं लिहिणं मी मुलीला वाचून दाखवलं. काही बोलली नाही. एकोणतिसावा अध्याय काढून बसली आणि मध्येच विचारलं, “सत्तर वर्षांनी ती बारकी मुलं परत गेली असतील ना?” तुम्हाला सांगावंसं वाटलं.

नीराकाठ

मी ख्रिस्ती नाही. बायबल कधी वाचलेलं नाही. शोधताना ‘आकडी’ शब्दावरून इथे आलो. आमच्या घरी तीन पिढ्या मेंढरं होती, म्हणून सांगतो.

आकडीने पाला पाडत नाही फक्त. उन्हाळ्यात खाली चारा नसतो. बाभळीच्या शेंगा वर असतात, मेंढराला पोचत नाहीत. आकडीने फांदी खाली ओढायची, हलवायची, शेंगा पडल्या की सगळा कळप पायाशी येतो. आकडीचा आवाज ओळखतात. बाप फांदीला आकडी लावायचा आणि लांब गेलेलं मेंढरू पण पळत यायचं. कोकरू घळीत किंवा काट्यात अडकलं तर आकडीनेच ओढून घ्यायचं, हात पोचत नाही तिथे.

काठी वेगळी. ती रात्री. वाघर, म्हणजे जाळीचं कुंपण, लावली की मेंढरं आत, माणूस बाहेर, काठी उशाला. लांडगा आला की कुत्री आधी उठतात, मग माणूस काठी घेऊन. त्यामुळे आकडी म्हणजे खायला मिळणार, काठी म्हणजे रात्र निघणार. मेंढराला बोलता आलं असतं तर त्याने हेच म्हटलं असतं.

पाणंद

नीराकाठ, तुम्हाला नमस्कार करतो. मी वर शेबेत-मिशएनेतचं जे लिहिलं ते पुस्तकातलं. हे जे तुम्ही सांगितलं ते मला कुठल्याही कोशात सापडलं नसतं. येत्या रविवारी मंडळीत सांगेन, तुमची हरकत नसेल तर.

रानवारा

उशिरा लिहिते आहे. गेल्या रविवारी दृढीकरण झालं.

त्याआधी मुलीला घेऊन मामाच्या गावी गेलो होतो. त्याच्या रानात खतासाठी मेंढरं बसवली होती. मुलीने मेंढपाळ मामांना सरळ विचारलं, तुमच्याकडे आकडी आहे का. त्यांनी पालाच्या कडेला उभी केलेली काढून तिच्या हातात दिली. तिच्या दुप्पट उंचीची. तिने ती बाभळीला लावून ओढायचा प्रयत्न केला, फांदी हलली आणि खरोखरच तीसेक मेंढरं तिच्या अंगावर आली. ती घाबरली, मग तिथेच उभी राहिली. परत येताना गाडीत तिने स्तोत्र स्वतःहून म्हटलं. आकडीपाशी अडखळली नाही.

बायबल मी तिलाच निवडायला सांगितलं. सुबोध बायबल तिने घेतलं, रोज रात्री वाचते, टिपांसकट. आणि उपासनेला नेण्यासाठी आजीचं मागितलं. त्याच्या शेवटच्या कोऱ्या पानावर ती न कळलेले शब्द लिहिते आहे, पेन्सिलीने, आजीसारखेच तारीख घालून. अरिष्ट, सार्वकालिक, मृत्युच्छाया.

कालचा शब्द आहे त्याच स्तोत्राच्या पाचव्या वचनातला ‘अभ्यंग’. दिवाळीला पहाटे आजी डोक्याला लावायची ते तेल का, असं विचारते आहे. पाणंदकाका, मी हो म्हटलंय. बरोबर आहे ना?